वॉरंटी जागेवर शे

...नाही हो, झोप कसली लागतेय, रविवारची अख्खी रात्र मी पंख्याकडे बघत काढली आणि डोक्यात एकच, उद्या त्या सर्व्हिस सेंटरवर कुणी विचारलं आणि हर्षू बोलली, तर? हर्षू म्हणजे आमची हर्षाली, दुसरीत आहे, सात वर्षांची, आणि सात वर्षांच्या पोरांचं तुम्हाला माहीतच आहे, पाहुण्यांसमोर त्यांना नेमकं तेच आठवतं जे बोलू नको म्हणून आपण चार वेळा बजावलेलं असतं. आणि बजावलं कुणी होतं? मी. म्हणजे जी बाई नाशिक रोडच्या एका शाळेत आठवड्यातून दोन तास मूल्यशिक्षण घेते, 'नेहमी खरे बोलावे' हा तक्ता जिनं स्वतः स्केचपेननं रंगवून चौथीच्या वर्गात लावलाय, त्या बाईनं पोटच्या पोरीला जवळ घेऊन, केसांवरून हात फिरवून सांगितलं की बाळा, उद्या गाडी दाखवायला जाऊ तेव्हा कुणी काही विचारलं तर आपण गप्प बसायचं. ती म्हणाली, "म्हणजे खोटं बोलायचं?" मी म्हटलं, "नाही गं, खोटं नाही बोलायचं. फक्त खरं बोलायचं नाही." आणि हे वाक्य आपल्याच तोंडून बाहेर पडल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून पाच मिनिटं नुसती उभी राहिले.

कशासाठी हे सगळं? तर वॉरंटीसाठी.

आता वॉरंटी हा माझा हळवा कोपरा आहे, कबूल करते. कुणाचा जीव सोन्यात असतो, कुणाचा साड्यांत, माझा वॉरंटीत. मिक्सर, गिझर, इस्त्री, सगळ्यांची कार्डं माझ्याकडे प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये तारखेवार लावलेली आहेत, एका कुकरचं तर कुकर मोडीत गेला तरी ठेवलंय, काय सांगावं. गाडी घ्यायला गेलो तेव्हा अमोल, म्हणजे आमचे हे, रंग बघत होता, चाकं बघत होता, छताला काच आहे का बघत होता, आणि मी त्या शोरूमच्या मुलीला विचारत होते की इंजिनाची वॉरंटी किती? ती म्हणाली, तीन वर्षं. म्हटलं, वाढवून? म्हणाली, पाच. म्हटलं, घेतली. गाडी नंतर बघू. तुम्हाला सांगते, मला जगात सगळ्याची काळजी वाटते, पोरीच्या खोकल्याची वाटते, खोकला थांबला तर का थांबला याची वाटते, गॅस बंद केलाय का याची तर मी दुसऱ्यांच्या घरी जेवायला गेले तरी वाटते, त्यांच्या गॅसची. फक्त एक गोष्ट होती जिची मला पाच वर्षं काळजी करायची नव्हती, गाडीचं इंजिन. तेवढा एक कोपरा झाडून पुसून स्वच्छ होता हो. आणि नवऱ्यानं नेमकी तिथंच डबी आणून ठेवली.

सांगते, डबीचं सांगते.

अमोल विंचूरच्या वाइन पार्कमध्ये नोकरीला, रोज नाशिक रोड ते विंचूर आणि परत. त्या रस्त्यानं कांद्याचा बाजार चालू असताना कधी गेलायत? पुढं ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, ट्रॉल्यांत कांदा, कांद्यावर पोरं बसलेली, आणि मागं आमची गाडी. तर घरी आला की याचं एकच गाऱ्हाणं, गाडीला पिकअप नाही. ओव्हरटेक घ्यायला गेलं की दम लागतो. मी म्हटलं, अरे पण एक ट्रॅक्टर ओलांडलास की पुढं दुसरा असतोच ना, कांदा काय एकाच ट्रॅक्टरनं येतो का? तर म्हणे, तुला गाडीतलं कळत नाही. नाही कळत, बरोबर आहे. मला फक्त ट्रॅक्टरातलं कळतं. मग हा फोनवर व्हिडिओ बघायला लागला, जेवताना, पोरीला झोपवताना, पोरगी झोपायची, हा जागा, आणि एक दिवस मला म्हणाला, तीस टक्के पॉवर वाढते, आणि तेही कंपनीला कळू न देता.

ते 'कळू न देता' मला तिथंच खटकलं, पण मी गेले बरोबर, सातपूरला, भिकनच्या गॅरेजवर. भिकन हा सटाण्याकडचा, अत्यंत प्रेमळ माणूस, हे आधी सांगते, त्यानं आल्या आल्या पोरीला चॉकलेट दिलं, मला खुर्ची पुसून दिली, आणि खिशातून साबणाच्या वडीएवढी एक काळी डबी काढून माझ्या हातात ठेवली, प्रसाद ठेवावा तशी. मी विचारलं, ही नक्की करते काय? तर तो समजावायला लागला, वहिनी, इंजिनाजवळ एक सेन्सर राहतो, तो गाडीच्या कॉम्प्युटरला सांगतो की हवेचा दाब एवढा एवढा झाला. ही डबी त्या दोघांच्या मधे बसते आणि कॉम्प्युटरला सांगते, छे, एवढा कुठला, कमीच आहे. मग कॉम्प्युटर आणखी हवा देतो, आणखी डिझेल देतो, गाडी पळते. मी म्हटलं, म्हणजे ही खोटं बोलते? भिकन हसला. म्हणाला, खोटं नाही वहिनी, खरं पुढं जाऊ देत नाही. आणि खरं सांगू, मला त्या कॉम्प्युटरची कीव आली. कारण तो अगदी माझ्यासारखाच निघाला ना, कुठून तरी 'कमी पडतंय' एवढं कानावर आलं की खरंखोटं न बघता धावत सुटणारा.

मी म्हटलं, भाऊ, पण वॉरंटी? तेव्हा त्यानं छातीवर हात ठेवला आणि ते वाक्य बोलला, जे त्यानंतर आमच्या घरात देवाच्या नावासारखं घेतलं गेलं. "डबी लावा, डबी काढा. सर्व्हिसला जायच्या आधी दोन पिना उपसायच्या, डबी घरी ठेवायची. वॉरंटी जागेवर शे."

शे म्हणजे आहे. त्यांच्या अहिराणीत. हर्षूला तो शब्द इतका आवडला की ती घरी येईपर्यंत म्हणत होती, चप्पल जागेवर शे, पाणी जागेवर शे, मम्मी जागेवर शे. मम्मी जागेवर नव्हती. मम्मी त्याच दिवशी जागेवरून हलली होती.

कारण पुढं काय झालं, की डबी लावणं एकदाच झालं आणि काढणं सुरू झालं. सर्व्हिसच्या आधी काढ, ठीक आहे, वर्षातून दोनदा. पण अमोलची गाडी धुवायची जागा त्याच सर्व्हिस सेंटरच्या आवारात, म्हणून धुण्याआधी काढ. पीयूसीच्या आधी काढ, कशाला, तर असू दे. त्यांचा मोफत तपासणीचा कॅम्प आला की काढ. एकदा तर आमच्या सोसायटीत त्या कंपनीत कामाला असलेल्या माणसानं फ्लॅट बघितला, फक्त बघितला, घेतला नाही, तरी हा खाली जाऊन डबी काढून आला. वर आल्यावर हात काळे, कपाळाला घाम, आणि मी दारात विचारायचे, काय रे? तो दमलेल्या आवाजात म्हणायचा, वॉरंटी जागेवर आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी परत खाली, परत लाव. तीस टक्के पॉवर वाढली असेल गाडीची, माणसाची मात्र पन्नास टक्के कमी झाली.

आणि मी? मी काय करत होते? मी टॉर्च धरत होते. मूल्यशिक्षणाच्या वह्या तपासता तपासता खाली जाऊन पार्किंगमध्ये टॉर्च धरायचे, आणि हर्षू आमच्या मधे उकिडवी बसून सगळं बघायची. कधी कधी मी विचार करायचे, या वयात पोरांच्या डोक्यात काय काय साठत असेल. पण मग म्हणायचे, पोरीचं बरं चाललंय की. गेल्या वर्षी तिच्या शाळेच्या डायरीत दर आठवड्याला बाईंचा लाल पेनातला शेरा, 'वर्गात बडबड करते', 'डबा पूर्ण खात नाही', आणि खाली पालकांची सही. यंदा जूनपासून एक शेरा नाही हो. डायरी नुसती कोरी. पातळही झालीय यंदा डायरी, फी वाढवतात आणि डायरीला कागद कमी घालतात, मी पालकसभेत बोलणारच होते, पण मग म्हटलं जाऊ दे, शेरा नाही ना, मग कशाला वाकडं घ्या.

हां, तर आता सासूबाई.

आमच्या सासूबाई, मंगलाबाई, सायखेड्याच्या. वर्षातले सहा महिने तिथं, सहा आमच्याकडं. त्यांना डबीबद्दल काहीच सांगायचं नाही असं ठरलं होतं, आणि न सांगण्याचा परिणाम असा झाला की एकदा अमोलनं डबी काढून टीव्हीशेजारी ठेवली आणि यांनी ती जुना चार्जर समजून भंगारवाल्याच्या पोत्यात टाकली. अमोल बनियनवर जेलरोडच्या वळणापर्यंत धावला. आणली परत. पण आल्यावर आईवर ओरडणार तर कसा, म्हणून मऊ आवाजात म्हणाला, "आई, याला हात नको लावत जाऊ. हे गाडीचं काळीज आहे." झालं. दोन गोष्टी झाल्या. एक, त्या दिवसापासून काढलेली डबी घरी ठेवायची नाही, हर्षूच्या जुन्या टिफिनच्या डब्यात घालून माझ्याबरोबर न्यायची असा नियम झाला. आणि दुसरी, सासूबाईंनी 'काळीज' हा शब्द मनावर घेतला.

कारण मग आला दसरा. आता दसऱ्याला सगळेच गाडीची पूजा करतात, बॉनेटला हार, काचेवर स्वस्तिक, चाकाखाली लिंबू, संपलं. पण सासूबाईंचा जन्म ट्रॅक्टरच्या पूजेत गेलेला, आणि ट्रॅक्टरचं इंजिन असतं उघडं, हळदकुंकू थेट इंजिनाला लागतं. त्या खाली आल्या, ताट हातात, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाल्या, "इंजिन कुठं हाय?" अमोल म्हणाला, आत आहे, वरून लाव. त्या म्हणाल्या, "वरून काय लावू, पत्र्याला? चालतो कोण, पत्रा का इंजिन? उघड." उघडलं. आता माझ्या सासूला कोण नाही म्हणणार, तुम्ही म्हणा. आत सगळ्यात वर इंजिनाचं काळं झाकण, त्याच्या एका कडेला चिकटपट्टीनं बसवलेली आमची डबी, आणि त्या म्हणाल्या, "हेच ना काळीज?" आणि तेलात कालवलेल्या कुंकवानं त्यांनी एक सुरेख, ठसठशीत, हाताएवढा स्वस्तिक काढला, अर्धा झाकणावर, अर्धा डबीवर. वर अक्षता, वर झेंडू. अमोलनं फोटो काढला. मी नमस्कार केला. हे सगळं मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, आणि त्यातलं मला पुढं काहीही आठवलं नाही, हे विशेष.

मग दिवाळीची सुट्टी लागली आणि परवाच्या शनिवारी आम्ही सासूबाईंना सोडायला सायखेड्याला निघालो. चांदोरी जवळ आली, पुढं कांद्याचा ट्रॅक्टर, अमोलच्या चेहऱ्यावर ते हसू आलं, माझ्या ओळखीचं, तीस टक्क्यांचं, त्यानं गाडी बाहेर काढली, पाय दाबला... आणि समोर एक पिवळा दिवा लागला, इंजिनाच्या आकाराचा, आणि गाडीनं जीवच सोडला. बंद नाही पडली, पण चाळीसच्या पुढं जाईना. तो मागं आला परत, ट्रॅक्टरच्या मागं. मग मागचा ट्रॅक्टर हॉर्न वाजवायला लागला. मग त्या ट्रॅक्टरनं आम्हाला ओव्हरटेक केलं. कांदे भरलेल्या ट्रॅक्टरनं! वर बसलेल्या पोरानं जाता जाता विचारलं, "धक्का देऊ का दादा?" आणि मागच्या सीटवरून सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "आपला ट्रॅक्टर कवा असा बसला नाय बाई. लय भारीतली गाडी म्हणत व्हते."

अमोलनं भिकनला फोन लावला. भिकन म्हणाला, डबीचं काही नसेल, तुम्ही डबी काढून कंपनीत दाखवा, फुकट करून देतील, वॉरंटी जागेवर शे.

आणि सोमवारी अमोलच्या ऑफिसात ऑडिट. त्याला रजा नाही. म्हणजे कोण जाणार? हो. मीच. सुट्टी माझी, पोरगी माझ्यापाशी, गाडी चाळीसनं जाणारी, जे मला फारसं वेगळं नव्हतं म्हणा, मी एरवीही चाळीसनंच जाते. सकाळी अमोलनं घाईघाईत पार्किंगमधल्या अंधारात, टॉर्च दातांत धरून, डबी काढली, टिफिनच्या डब्यात घातली, डबा हर्षूच्या पिशवीत, आणि मला म्हणाला, "तू काही बोलूच नकोस. फक्त म्हण, पिवळा दिवा लागला. विचारलं तर माहीत नाही." आणि रविवारची रात्र तर मी तुम्हाला सांगितलीच.

गेले. तिथला सुपरवायझर देवराम नावाचा, छातीवर पट्टी होती नावाची, पन्नाशीचा, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, हळू बोलणारा. असा माणूस बघितला की मला आधी वाटतं, बरं झालं, आणि मग वाटतं, मेले. ओरडणाऱ्या माणसासमोर मला खोटं बोलता येतं, तुम्हाला सांगते, सवय आहे. पण हळू बोलणाऱ्यासमोर माझं काही चालत नाही. मी म्हटलं, पिवळा दिवा लागला. तो म्हणाला, बघू या. त्यानं बॉनेट उघडलं. चष्मा लावला. वाकला. आणि तसाच राहिला.

मीही वाकले. आणि मला दसरा आठवला.

काळ्या झाकणावर अर्धा स्वस्तिक. डावीकडचा. लालभडक, तेलातलं कुंकू, वर दोन-अडीच आठवडे इंजिनाची धग, भाजून पक्कं झालेलं, रंगाऱ्यानं काढावं तसं. दोन पाय आहेत, दोन नाहीत. आणि जिथं तो संपतो तिथं काटकोनातला, स्वच्छ, साबणाच्या वडीएवढा काळा चौकोन, कडेनं अक्षता चिकटलेल्या. म्हणजे डबी नव्हती, पण डबी नसती तर इतकी दिसली नसती.

देवरामनं चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाला, "मॅडम, पूजा अर्धीच केली का?"

आता इथं एखादी हुशार बाई काय म्हणाली असती मला माहीत नाही. मी म्हटलं, "आमच्यात असाच काढतात."

"अर्धा?"

"हो. उरलेला... उरलेला दिवाळीला पूर्ण करतात."

तो माणूस हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, असेल बुवा, आमच्याकडं निफाडला नाही तशी पद्धत. आणि बोटानं त्या चौकोनाच्या कडेवरून हळूच रेघ ओढत म्हणाला, "कापलाय मात्र सरळ. पट्टी लावून कापावा तसा." मग तो गुडघ्यावर हात ठेवून वाकला आणि ज्या प्रश्नासाठी मी रात्र जागून काढली होती तो प्रश्न त्यानं अगदी लाडानं विचारला, "काय बेटा, उरलेला अर्धा कुठं ठेवलाय?"

तुम्हाला सांगते, माझं काळीज त्या टिफिनच्या डब्यात जाऊन पडलं. मी हर्षूकडं बघितलं. हर्षूनं पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती. आणि ती काहीच बोलली नाही. काहीच नाही. चुळबुळ नाही, माझ्याकडं बघणं नाही, पापणी लवणं नाही. सरळ त्या माणसाच्या डोळ्यांत बघत, चेहऱ्यावर असा निर्विकार, सराईत भाव, की बँकेत तीस वर्षं काढलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरसुद्धा मी तो बघितला नव्हता. मला वाटलं, घाबरलंय पोर. घशाला कोरड पडलीय बिचारीच्या. आणि ही कोरड कुणी पाडली? मी पाडली. पाच वर्षांच्या एका कागदासाठी मी सात वर्षांच्या पोरीची जीभ बांधून ठेवली...

आणि मग मी बोलायला लागले, आणि थांबताच येईना. म्हटलं, दादा, डबी आहे, डबी होती, माझ्या नवऱ्यानं लावलीय, कांद्याच्या ट्रॅक्टरमुळं लावलीय, तो वाईट माणूस नाही, तो विंचूरला असतो, आणि सासूबाईंचा काही दोष नाही, त्यांना काळीज सांगितलं होतं, टॉर्च मी धरायचे, दरवेळी मीच धरायचे, आणि आमच्यात अर्धा काढत नाहीत, आमच्यात पूर्णच काढतात. असं म्हणून मी हर्षूच्या हातातून पिशवी घेतली, डबा उघडला, त्यात डबी, तिच्यावर उरलेला अर्धा स्वस्तिक, आणि झेंडूची एक वाळकी पाकळी.

देवरामनं ती डबी दोन बोटांनी उचलली आणि झाकणावरच्या रिकाम्या चौकोनात ठेवली. चारी पाय जुळले. आजूबाजूची दोन मुलं कामं टाकून बघायला आली, त्यातल्या एकानं नकळत हात जोडले.

मग त्यानं डबी बाजूला ठेवली, आत हात घातला, एक वायर बाहेर ओढली आणि मला तिचं टोक दाखवलं. नखाएवढी प्लास्टिकची क्लिप, मोडलेली. म्हणाला, "मॅडम, तुमच्या इंजिनाला काही झालेलं नाही. डबीनंही काही केलेलं नाही. ही पिन सेन्सरवर घट्ट बसावी म्हणून ही क्लिप असते. ती आयुष्यात एकदोनदा काढायची असते. ही किती वेळा काढली?" मी मनात मोजायला लागले, सर्व्हिस, धुणं, पीयूसी, कॅम्प, तो फ्लॅट बघायला आलेला माणूस, आणि मोजणं सोडून दिलं. तो म्हणाला, "काढून-घालून मोडली. पिन सैल झाली, सेन्सरचा निरोप तुटला, गाडी घाबरली. एवढंच."

म्हणजे बघा. डबीनं गाडी बिघडली नाही. वॉरंटी सांभाळायला म्हणून जे केलं, त्यानं बिघडली.

मला इतकं हलकं वाटलं की मी विचारलं, मग हे वॉरंटीत होईल ना? तेव्हा त्यानं हातातला टॅब जरा खाली घेतला. म्हणाला, "मॅडम, खरं सांगू? तुम्ही बोलला नसता तर 'क्लिप तुटली' एवढंच लिहून नवीन टाकून दिली असती. वॉरंटीत. अर्धा स्वस्तिक लिहायला आमच्या सिस्टिममध्ये जागाच नाही. पण डबी लिहायला आहे. आणि डबी आता मी बघितली." मी म्हटलं, "दादा, समजा... नसती बघितली तर?" हे बोलले मी. पुन्हा. दोन मिनिटंही झाली नव्हती खरं बोलून. त्यानं हळूच मान हलवून हर्षूकडं बघितलं आणि म्हणाला, "पोरीसमोर नको मॅडम."

गेली. इंजिनाची वॉरंटी गेली, पावणेतीन वर्षं शिल्लक होती. सीटची आहे. काचांच्या मोटरची आहे. गाण्यांच्या सिस्टिमची आहे, म्हणजे इंजिन बंद पडलं तरी आत बसून आम्ही गाणी ऐकू शकतो. नवी क्लिप मी पदरचे पैसे देऊन बसवली, पिवळा दिवा गेला, आणि अमोलला फोन केला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तू सांगितलंस?" म्हटलं, हो. "म्हणजे त्यानं डबी आहे का असं विचारलंही नव्हतं?" म्हटलं, "नाही, त्यानं फक्त पूजेचं विचारलं." तो म्हणाला, "बरं." त्या 'बरं'ची लांबी तुम्ही लग्न झालेले असाल तर तुम्हाला कळेल. भिकनलाही कळवलं. त्याला मनापासून वाईट वाटलं. म्हणाला, वहिनी, डबीची माझ्याकडून एक वर्ष वॉरंटी शे.

आणि मग घरी येताना द्वारका चौकाच्या सिग्नलला गाडी उभी होती, तेव्हा मला वाटलं, निदान एवढं तरी पदरात पाडून घ्यावं. एवढी मोठी वस्तू गेलीच आहे, तर तिचा एक धडा तरी व्हावा. मी हर्षूला म्हटलं, बाळा, मम्मीचं चुकलं. मी तुला गप्प बसायला सांगायला नको होतं. बघितलंस ना, लपवायला म्हणून जे जे करतो ना आपण, त्यानंच शेवटी मोडतं. खरं बोलल्यानं नुकसान होतं कधी कधी, आज झालं, पण छातीवरचा दगड उतरतो. आणि मम्मीला खरं सांगितलं तर मम्मी कधीच रागावणार नाही. कधीच. मी बोलत होते, सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, मी चाळीसनं निघाले, आणि मला खरंच वाटत होतं की आज मी पहिल्यांदा मूल्यशिक्षणाचा तास नीट घेतला. आरशात बघितलं तर पोरगी विचारात पडलेली. चेहऱ्यावरचं ते निर्विकारपण गेलेलं. मला भरून आलं हो.

म्हणाली, "मम्मी, मग मी पण सांगू?"

म्हटलं, सांग ना राजा.

"बाईंनी डायरीत लाल पेननं लिहिलं ना, की मी ते पान बसमध्येच काढून टाकते. फाडत नाही काही, पट्टी लावून सरळ काढते. डायरी जागेवर शे."